देव न मानणाऱ्यांची करुणा आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक मित्र-मेळाव्यात, पालघर जिल्ह्यातील आपल्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी केलेले हे भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या अनेकांनी मागणी केल्यामुळे येथे देत आहोत. – संपादक)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी परिचारिका आहे, उपदेशक नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, उपदेश नको, त्या पत्राचे उत्तर तेवढे द्या. म्हणून आज उभी आहे.

ते पत्र असे. गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्यालयात एका आजींचे पत्र आले. त्या गेली तीस वर्षे आपल्या पेन्शनमधून दर महिन्याला या कामासाठी पैसे पाठवतात. एकही महिना चुकलेला नाही. त्यांनी लिहिले होते की, आपल्या अंकात आरोग्य शिबिराचा फोटो पाहिला. परिचारिकांच्या शेजारी जे कार्यकर्ते उभे आहेत ते देव मानत नाहीत असे कळले. आम्ही देतो ते देवाच्या कामासाठी देतो. मग देवाला न मानणाऱ्यांबरोबर तुम्ही एका जीपमध्ये कसे बसता?

पत्रात राग नव्हता, काळजी होती. आणि काळजीने विचारलेल्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊ नये. मी तीन वेळा उत्तर लिहिले आणि तीन वेळा फाडले. कारण खरे उत्तर द्यायचे तर मला माझी स्वतःची एक चूक आधी सांगावी लागते. ती मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

मी नगर जिल्ह्यातली. माझे वडील पाळक होते. ज्याला देवाचे भय नाही त्याला पापाचे भय कसले, असे ते उपदेशात नेहमी सांगत. शिक्षण संपवून १९७९ मध्ये मी या भागात आले, तेव्हा ट्रंकेत दोन साड्या, पवित्र शास्त्र आणि वडिलांचे हे वाक्य एवढे घेऊन आले होते.

१९८१ चा जुलै. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. बुधवारी दुपारी नदीपलीकडच्या पाड्यावरून एक वारली तरुण छातीभर पाण्यातून दवाखान्यात आला. बायकोला कालपासून कळा येत होत्या, मूल अडकले होते. जीप पलीकडे जाणे शक्य नव्हते, आणि परिचारिकेने एकटीने बाहेर जायचे नाही असा नियम होता. मी त्याला म्हटले, तिला इकडे घेऊन या. पाच वाजता आमची प्रार्थनासभा होती, तिची तयारी चालली होती. तो जरा वेळ दारात उभा राहिला. मग गेला.

मी त्याला परत पाठवले, एवढेच मी इतकी वर्षे सांगत आले. खरे म्हणजे मी त्याला एक पत्रक दिले आणि परत पाठवले. त्याला वाचता येत नव्हते.

रात्री एक वाजता दारावर थाप पडली. बाहेर चार तरुण डोली खांद्यावर घेऊन उभे होते. बांबूला गोधडी बांधलेली, आत ती बाई. पुढे कंदील घेऊन एक पंचेचाळिशीचा माणूस. त्याने आपले इरले डोलीवर घातले होते आणि स्वतः डोक्यापासून पायापर्यंत भिजला होता. मी विचारले, तुम्ही हिचे कोण? तो म्हणाला, “कोणी नाही. माझा पाडा अलीकडचा. हिचा माणूस वाटेत रडत बसलेला दिसला.” त्याने पोरे गोळा केली, दोर बांधून नदी ओलांडली, बाईला डोलीत घातले आणि पुन्हा ती नदी ओलांडून चिखलातून दहा-अकरा किलोमीटर चालत आणले.

डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली. मूल गेलेले होते. आईला रक्त हवे होते. नवऱ्याचा गट जुळला नाही, त्या माणसाचा जुळला. रक्त दिल्यावर त्याला अर्धा तास पडून राहायला सांगितले, तर दहा मिनिटांत उठून डोलीवाल्या पोरांना काही खायला मिळेल का, हे पाहायला गेला.

सकाळी आई शुद्धीवर आली. मी त्याला चहा दिला आणि मनापासून म्हटले, “दादा, तुम्हाला देवानेच पाठवले.”

तो हसला. म्हणाला, “मला कोणी पाठवलं नाही, बाई. मी देव मानत नाही. बाईमाणूस मरत होती म्हणून आलो. चहात साखर आणखी घाल.”

तो सगळ्यांनाच ‘तू’ म्हणायचा. पुढे कलेक्टरलाही त्याने ‘तू’च म्हटलेले मी ऐकले आहे.

त्या दिवशी मला प्रार्थना करता आली नाही. ती बाई आठ तास आधी आली असती तर? डॉक्टर काही बोलले नाहीत, मी विचारले नाही. पण चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकले होते, शिकवलाही होता. तो शिकवताना मी स्वतःला नेहमी शोमरोन्याच्या जागी ठेवत असे. आता पहिल्यांदाच कळले की, बाजूने निघून गेलेला याजक होता, लेवी होता, आणि त्या बुधवारी त्यांच्या रांगेत मी होते.

बंधुभगिनींनो, तो माणूस देव न मानणारा कसा झाला, हे पुढच्या वर्षांत मला हळूहळू कळले. ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. आपण ज्या भागात काम करतो त्या भागाचा तो इतिहास आहे आणि आपल्या मंडळ्यांत तो फारसा सांगितला जात नाही.

तलासरी, डहाणू, उंबरगाव, पालघर, जव्हार या भागांत १९४५ पर्यंत वेठ होती. जमीनदाराने बोलावले की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबायचे. त्याहून वाईट होती लग्नगडीची रीत. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की, तो वारली नवराबायकोसह सावकाराचा गडी होई. हिशोब सावकाराच्या वहीत आणि वारल्याला अक्षर येत नाही. मग फेड संपणार कशी? माणसे आयुष्यभर राबत. आपल्या या माणसाचे वडील लग्नगडी होते.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे काही वारली गेले आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर गोदावरी परुळेकर या भागात आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. आधी भारत सेवक समाजात होत्या, नंतर पती शामराव यांच्यासह साम्यवादी पक्षात गेल्या. पाड्यापाड्यावर पायी फिरल्या, वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांची भाषा शिकल्या. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी परिषद झाली आणि हजारो वारल्यांनी ठरवले की, यापुढे वेठ करायची नाही. लग्नगडी सुटू लागले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. पण गेलेली वेठ परत आली नाही.

हे सगळे त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले आहे. ते १९७० मध्ये निघाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुम्ही ते वाचावे असे मी सांगेन. साम्यवादी पक्षाचे सगळे म्हणणे मला पटते असे नाही, आणि पुस्तक वाचण्यासाठी ते पटावे लागतही नाही.

त्या वेळी आपला हा माणूस नऊ-दहा वर्षांचा होता. त्याने मला सांगितले, “आई सावकाराच्या वाड्यापुढे पावसात उभी राहायची. आम्ही हिरव्याला नवस केला, नारनदेवाला केला, भगताला कोंबडं दिलं. देवानं सावकाराला कधी काही विचारलं नाही. ताई आली, तिनं विचारलं.” मग तो रात्रीच्या वर्गात अक्षर शिकला आणि पहिले काय वाचले असेल, तर सावकाराच्या वहीतले बापाचे नाव.

यावरून वारली समाज नास्तिक आहे असे कृपया समजू नका. वारली माणूस देवाला आणि रानाला मानणारा आहे. हा एक माणूस निराळा होता, आणि त्याच्यासारखे काही.

ते पुस्तक वाचल्यावर मी आपल्या संस्थेचे त्या काळातले जुने अहवाल काढून पाहिले. मलेरियाच्या गोळ्या किती वाटल्या, खरजेचे रुग्ण किती, शाळेत मुले किती, सगळे नीट लिहिले आहे. आपल्या पूर्वीच्या सेवकांनी हाल सोसून केलेले ते काम आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण वेठ हा शब्द मला त्या अहवालांत कुठे सापडला नाही. आपण खरजेला मलम लावत होतो. ती बाई विचारत होती की, या माणसाला अंग धुवायला वेळ का मिळत नाही.

मग मी शास्त्राकडे परत गेले. तुम्ही म्हणाल, इतके दिवस काय वाचत होतीस? वाचत होते, पण जे आधीच ठाऊक आहे असे वाटते तिथे डोळे थांबत नाहीत.

रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही असे परराष्ट्रीयही स्वभावतः नियमशास्त्रातल्या गोष्टी करतात आणि त्यावरून ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेले आहे हे दिसते. त्यांची सदसद्विवेकबुद्धी साक्ष देते. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना उजवीकडे घेतो त्यांनाच आश्चर्य वाटते. आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले, असे ते विचारतात. त्यांनी राजाला ओळखलेले नव्हते. भुकेल्याला ओळखले होते. आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात केले असे आहे. प्रार्थना करणाऱ्या मनुष्याला तेवढे, असे तिथे नाही.

म्हणून माझ्या वडिलांचे वाक्य मी हळूहळू ट्रंकेतून काढून ठेवले. वडिलांवरचे प्रेम तसेच आहे. ते चांगले पाळक होते, पण पाहिलेल्या माणसांवरून ते हे सांगत नव्हते. माझ्यासमोर माणूस उभा होता.

आता कोणी म्हणेल, सिस्टर, तुम्ही एका चांगल्या माणसावरून सगळे नास्तिक चांगले ठरवता. तसे नाही. देवाला हद्दपार करणाऱ्या राजवटींनी मागच्या शतकात रशियात आणि इतरत्र किती माणसे मारली हे मला माहीत आहे. पण गुलामांचा व्यापार करणारी जहाजे ख्रिस्ती देशांची होती आणि वारल्यांकडून वेठ घेणारे जमीनदार देवधर्म करणारे होते, हेही मला माहीत आहे. चांगुलपणा आणि क्रूरपणा यांच्यामधली भिंत मंडळीच्या दारात नाही. ती प्रत्येकाच्या मनातून जाते, माझ्याही.

दुसरी गोष्ट थोडक्यात सांगते. १९९० नंतरची. एका पाड्यावर पंधरा दिवसांत दोन मुले तापाने गेली. भगताने एका विधवेचे नाव घेतले. ही भुताळी आहे म्हणाला. तुमच्यापैकी जे पाड्यांवर गेले आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. भुताळी ठरलेल्या बाईला मारतात, गावाबाहेर काढतात, कधी जिवानिशी मारतात. ती रात्री पळत आली आणि आमच्या क्वार्टरमध्ये माझ्या खाटेखाली लपली. आम्ही दाराला कडी लावून प्रार्थना केली. पण प्रार्थनेनंतर काय करायचे हे आम्हाला सुचेना. जन्मभर ती खाटेखाली कशी राहणार?

त्या दादानेच अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारी दोन मुले आणली. दोघेही देव न मानणारे. मला वाटले होते ही मुले येऊन भगताची टिंगल करतील. तसे झाले नाही. ते भगताच्या ओट्यावर तीन दिवस बसले. त्याच्याकडून झाडपाल्याची औषधे समजून घेतली. मग मला बोलावले आणि दगावलेल्या मुलांच्या आयांसमोर मलेरिया म्हणजे काय ते समजावून सांगायला लावले. गावाची बैठक झाली. बाई आपल्या झोपडीत परत गेली. ही मुले त्यानंतर सहा महिने दर आठवड्याला तिच्याकडे फेरी मारत, तिच्या हातची भाकरी सगळ्यांदेखत खात. भुताळीच्या हातचे खाऊन काही होत नाही, हे त्यांनी बोलून सांगितले नाही, खाऊन दाखवले.

जेवताना आम्ही उपकारस्तुती करत असू तेव्हा ती मुले शांत उभी राहत. मान झुकवत नसत, पण घासही उचलत नसत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच कामातले. साताऱ्याचे डॉक्टर, स्वतः नास्तिक. व्यसनमुक्तीचे केंद्रही त्यांनी साताऱ्यात उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षे झटले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. अमुक माणूस करणी करतो, असे ठरवून त्याचा छळ करणे आज महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि आपल्या पाड्यांवरच्या कितीतरी विधवांना त्याचा आधार आहे. ज्याने त्यांच्यासाठी हे केले त्याने त्याचे फळ देवाकडेही मागितले नव्हते. हे मला विचार करायला लावते. मी काही चांगले केले की, मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी देवाने पाहिले असेल ना, असे येतेच.

आता एक अवघड भाग. मी एकदा आपल्या या दादाला म्हटले, “तुम्ही मानत नाही, पण तुमच्यातून देवच काम करतो.” मला वाटले मी त्याची स्तुती करते आहे. तो गंभीर झाला. म्हणाला, “बाई, सावकार माझ्या बापाची मेहनत आपल्या वहीत लिहायचा. तू माझी मेहनत तुझ्या देवाच्या वहीत लिहू नको.”

मी गप्प झाले. आजही या वाक्याचे पूर्ण उत्तर मला देता येत नाही. आपला विश्वास असा आहे की, जे जे चांगले दान आहे ते वरून येते. तो मी सोडू शकत नाही. पण त्याच्या तोंडावर ते सांगून मी त्याच्या कष्टांवरचा त्याचा हक्क काढून घेत होते, हेही खरे. तेव्हापासून मी असे करते. माझ्या खोलीत मी त्याच्याबद्दल देवाचे आभार मानते. त्याच्यासमोर त्याचे आभार मानते.

या बाबतीत गांधीजींकडून शिकण्यासारखे आहे. देव हेच सत्य असे ते आधी म्हणत. पुढे, १९३१ च्या सुमारास, ते सत्य हाच देव असे म्हणू लागले, आणि त्याचे एक कारण त्यांनी दिले ते असे की, देव नाकारणारे लोकही सत्य नाकारत नाहीत. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे पक्के नास्तिक. अस्पृश्यतेविरुद्ध काम करत. १९४४ पासून ते सेवाग्रामला येऊन गांधीजींशी बोलत. गांधीजींनी त्यांना बदलायचा प्रयत्न केला नाही. उलट, माझे आस्तिक्य बरोबर आणि तुमचे नास्तिक्य चूक असे मी म्हणू शकत नाही, अशा अर्थाचे बोलले. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न दलित तरुणाशी ठरवले तेव्हा ते सेवाग्रामला करायला गांधीजींनी संमती दिली, आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचे नाव घ्यायलाही ते तयार झाले. लग्न मार्च १९४८ मध्ये झाले. तेव्हा गांधीजी नव्हते, पण ठरल्याप्रमाणे आश्रमातच झाले. रोज दोन वेळा प्रार्थना करणाऱ्या माणसाने एका नास्तिकासाठी एवढी जागा केली. आपण जीपमध्ये एक सीट देऊ शकत नाही का?

पण मग आजींच्या पत्रामागचा खरा प्रश्न उरतोच. देव न मानताही माणूस इतका चांगला असू शकतो, तर मग आपला विश्वास कशासाठी? हा प्रश्न मी टाळणार नाही. रात्रपाळीला तो मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

माझे उत्तर असे. चांगुलपणाचा मक्ता आपल्याकडे आहे म्हणून मी ख्रिस्ती नाही. मी ख्रिस्ती आहे, कारण त्या बुधवारचे ओझे घेऊन मला कुठेतरी जायचे होते. ते मूल परत येणार नव्हते. त्याची आई मला दोष देत नव्हती. तिला माहीतच नव्हते. मला क्षमा करणारा कोणी माणूस उरला नव्हता. मी ते ओझे वधस्तंभापाशी नेले आणि तिथून उठून पुन्हा वॉर्डात गेले. आणि क्षमा मिळाली म्हणून चूक विसरायची नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे, असे ठरवले. परिचारिकेने एकटे न जाण्याचा नियम आम्ही बदलून घेतला. दोघींनी जायचे, पण जायचे.

मी त्या दादाला एकदा विचारले, तुम्ही काय करता? इतकी माणसे हातातून जातात, कज्जे हरतात, तुम्ही कुणाकडे जाता? तो म्हणाला, “पाड्यावर जातो. ज्याचं गेलं त्याच्या ओट्यावर बसतो. दुसरं काय करणार?” मी ते ऐकले आणि वाटले, रडणाऱ्यांबरोबर रडा असे आपल्याला सांगितले आहे. हा न सांगता जातो.

२००६ मध्ये तो आजारी पडला. फुप्फुसाचा कर्करोग होता आणि फार पुढे गेलेला होता. मुलाने मुंबईला न्यायचे म्हटले, तर म्हणाला, मला बाईच्या दवाखान्यात ठेवा. आम्ही कोपऱ्यातली खाट दिली, जिथून डोंगर दिसतो.

मी खोटे बोलणार नाही. मला आशा होती. आता तरी तो प्रार्थना मागेल, असे वाटे. मंडळीतल्या काहींनीही मला तसे सुचवले. पण वेदनेत पडलेल्या माणसाला गाठून त्याच्याकडून काही वदवून घेणे मला बरोबर वाटले नाही. एका संध्याकाळी त्यानेच ओळखले. म्हणाला, “तुला माझ्यासाठी प्रार्थना करायची आहे ना? कर. पण मला ऐकवू नको. आणि त्या पलीकडच्या पाड्यावरच्या म्हातारीचं रेशनकार्ड तहसीलमध्ये अडकलंय, ते तेवढं बघ.”

मी दोन्ही केले. प्रार्थना वऱ्हांड्यात उभी राहून केली. रेशनकार्डासाठी चार खेपा घालाव्या लागल्या. कार्ड मिळाले तेव्हा तो गेला होता. ती म्हातारी म्हणजे १९८१ च्या त्या रात्री डोलीतून आलेली बाई होती. हे मला तहसीलमध्ये तिचे नाव वाचताना कळले. त्याने मला सांगितले नव्हते. मुद्दाम सांगितले नाही की त्याच्याही लक्षात नव्हते, आता कोणाला विचारणार?

अंत्यविधीला ना भगत होता ना पाळक. लाल झेंडा होता, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची एवढी माणसे होती की शेताचे बांध दिसत नव्हते.

तर आजींना माझे उत्तर असे आहे. आदरणीय आजी, तुमचा पैसा देवाच्याच कामाला लागतो आहे. शिबिरात ज्या मुलाचे वजन आपण करतो ते देवाचे मूल आहे. त्याचा दंड मोजायला फीत धरणारा हात प्रार्थनेसाठी जोडला जातो की नाही, हे त्या मुलाला ठाऊक नसते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली तेव्हा आपण सगळे उशिरा पोचलो, मानणारे आणि न मानणारेही. दिवाळीनंतर आजही पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाळण्यातली मुले बरोबर जातात. एवढे मोठे काम आहे की, कोणाला जीपमधून उतरवणे आपल्याला परवडणारे नाही.

या सोबत्यांशी आपले काही नियम ठरले आहेत. ते तुम्हां सर्वांना कळावेत. एकत्र शिबिरात आपण धर्मप्रचार करत नाही, आणि ते कोणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाहीत. आपली सकाळची उपासना आपण आपल्या आवारात करतो. ज्याला यायचे तो येतो. हिशोब वेगळे ठेवतो. आणि रात्रीची हाक ज्याच्या दारात आधी येईल त्याने निघायचे, मग दुसऱ्याला कळवायचे.

तुम्हांला माझी एवढीच विनंती आहे. आपल्या शेजारी, कामाच्या ठिकाणी, कदाचित आपल्याच घरात देव न मानणारा कोणी असेल. मुलगा असेल, जावई असेल. त्याच्यासाठी प्रार्थना करा, अवश्य करा. पण त्याआधी त्याने आजवर कोणाचे काय भले केले आहे ते एकदा नीट पाहा, आणि त्याच्यासमोर त्याचे आभार माना. त्याला न ऐकवताही प्रार्थना करता येते. देवाला ऐकू जाते.

माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी. प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो, आणि पाड्यांवर काम करणाऱ्या सर्वांना, आपल्यांना आणि आपल्या सोबत्यांना, या पावसाळ्यात सुखरूप ठेवो.